पुन्हा राबाईला: केनियाच्या किनाऱ्यावर मंडळीच्या पुढाऱ्यांसोबत दहा दिवस

एकदा बायबल शिकवून आलेल्या जागी दुसऱ्यांदा जायचं असेल, तर सामानात सगळ्यात आधी ठेवायची वस्तू म्हणजे मागच्या वेळची हजेरीवही. नवे धडे नंतर. आमच्या वहीत २४ नावं होती. मोम्बासाच्या मागच्या डोंगरधारेवरची राबाई, रिबे, कालोलेनी आणि खाली महामार्गावरचं मारियाकानी इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे ले रीडर (पाळक नसताना उपासना चालवणारे सभासद), सुवार्तिक आणि मदर्स युनियन या अँग्लिकन स्त्री-संघटनेच्या पुढारी स्त्रिया. निघण्याच्या सहा आठवडे आधी ही यादी तिथल्या पाळकांकडे पाठवून एकच विचारलं: यातलं कोण आज दुसऱ्याला शिकवतंय? उत्तर असं आलं की १५ जण सेवेत आहेत, ५ जण कामासाठी मोम्बासाला गेले, ३ जण दुसऱ्या मंडळ्यांत गेले, एक जण देवाघरी गेला. शिकवणारे मात्र सहाच. पुढचे दहा दिवस कसे घालवायचे ते या सहाच्या आकड्यानं ठरवलं. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल चार पिढ्या सांगतो: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते. परतभेटीत मोजायची ती चौथी पिढी.

कागदपत्रांचं थोडक्यात. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. किमान तीन दिवस हातात ठेवून अर्ज करावा. पण ही परवानगी म्हणजे काम करायची मुभा नव्हे. बिनपगारी शिकवणं हेही तिथल्या खात्याच्या नजरेत काम ठरू शकतं, म्हणून बोलावणाऱ्या मंडळीनंच इमिग्रेशनकडे विचारून योग्य तो पास काढावा आणि लेटरहेडवरचं निमंत्रण प्रत्येकाच्या हातात असावं. पीतज्वराची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी झालेली हवी, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. एक डोस जन्मभर चालतो. तो पिवळा दाखला परतताना आपल्याच विमानतळावर बघतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्यात. किनारपट्टीवर डास वर्षभर असतात. आणि पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नयेत: २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या न्याव्यात, त्या तिथंच देऊन येता येतात.

महिना ऑगस्ट निवडला होता. मार्च ते मे लांब पाऊस, तेव्हा पेरणी. ऑक्टोबरपासून छोटा पाऊस. ऑगस्टमध्ये हवा कोरडी असते आणि शाळांना सुट्टी, त्यामुळे वर्ग व बाकं मोकळी मिळतात.

पहिला दिवस, गुरुवार: मुंबई ते नैरोबी

थेट विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात. घड्याळ अडीच तास मागे. उतरल्यावर कामं दोन. पहिलं, पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेणं आणि त्यावर एम-पेसा चालू करणं. २००७ साली सुरू झालेल्या या मोबाइल-पैशावरच केनियातले बहुतेक व्यवहार चालतात. खेड्यातल्या स्वयंपाकघराचा हिशोबसुद्धा.

दुसरं, बायबलं. ती भारतातून नेण्यात अर्थ नाही. वजन वाया जातं आणि कस्टममध्ये खोका उघडला की अर्धा दिवस गेला. केनियाच्या बायबल सोसायटीकडून स्वाहिली प्रती तिथंच घ्याव्यात. मात्र कुठलं भाषांतर घ्यायचं ते आधी ठरवावं. १९५२चं युनियन व्हर्जन जुन्या मंडळ्यांच्या ओठांवर आहे. नव्वदीच्या दशकातलं ‘हबारी न्जेमा’ वाचायला सोपं आहे. वर्गात दोन्ही मिसळली की एक जण वाचतो तेव्हा दुसऱ्याला ओळ सापडत नाही आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात. पाळकांच्या सल्ल्यानं आम्ही युनियन व्हर्जनच्या ३० प्रती घेतल्या.

दुसरा दिवस, शुक्रवार: नैरोबी ते मारियाकानी

२०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेच्या गाड्या दोन तऱ्हेच्या आहेत. एक्स्प्रेस पाचेक तासांत मोम्बासाला नेते. सकाळी आठच्या सुमाराची इंटर-काउंटी गाडी मधल्या स्टेशनांवर थांबत जाते. राबाई-कालोलेनीकडे जाणाऱ्यांनी हीच घ्यावी, कारण ती मारियाकानीला थांबते. थेट मोम्बासा गाठलं तर तीसेक किलोमीटर मालट्रकांच्या रांगेतून उलटं यावं लागतं. स्टेशनवर तासभर आधी पोहोचणं सक्तीचं समजावं. सगळं सामान ओळीत जमिनीवर ठेवून कुत्र्यांकडून हुंगवतात, मग क्ष-किरण, मग तिकिटाची तपासणी. पुस्तकांचे खोके दोरीनं बांधावेत, चिकटपट्टीनं नाही. उघडायला सांगतात तेव्हा दोरी पुन्हा बांधता येते.

त्सावोच्या लाल मातीतून गाडी जाते तेव्हा शेजारून जुन्या मीटरगेजची वाट दिसत राहते. १८९६ पासून ती बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते. भारतीय माणूस या वाटेनं पहिल्यांदाच येत नाही, याची आठवण त्या रुळांनी राहते.

तिसरा दिवस, शनिवार: फक्त ऐकणं

पोहोचल्याबरोबर वर्ग सुरू करायचा मोह टाळावा. या दिवशी तीन मंडळ्यांत जाऊन आम्ही काहीही शिकवलं नाही. प्रत्येक ठिकाणी तेच पाच प्रश्न: मागच्या धड्यांतलं काय वापरलं? कुठे अडलं? कुणाला शिकवलं? मंडळीत भांडण कशावरून आहे? आणि तुम्हाला विचारायला संकोच वाटतो असा प्रश्न कोणता? शेवटचा प्रश्न तोंडी विचारला तर उत्तर येत नाही. चिठ्ठी द्यावी लागते, नाव न लिहिता. मागच्या वेळी दिलेले छापील धडे बहुतेक घरांत जपून ठेवलेले दिसले, प्लॅस्टिकच्या फाइलीत, न वापरलेले. कारण विचारल्यावर एका ले रीडरनं सांगितलं की धडे इंग्रजीत होते. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण ज्यांना शिकवायचं त्यांना नाही. दर वेळी मनात भाषांतर करत शिकवणं त्यांना जमलं नाही. चूक पूर्णपणे आमची. या खेपेला एकही इंग्रजी पान वाटलं नाही.

इथली एक गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते, ती म्हणजे वेळ. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा ताटू’, तिसरा तास. दुपारी तीन म्हणजे ‘सा टिसा’, नववा. निरोपात नुसता आकडा दिला की निम्मे लोक सहा तास चुकतात. बायबलमध्ये ‘नवव्या तासाच्या’ प्रार्थनेला पेत्र आणि योहान मंदिरात जातात (कृत्ये ३:१), ते इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं.

अभिवादनाचंही तसंच. वडीलधाऱ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणायचं, उत्तर येतं ‘मराहाबा’. त्याशिवाय बोलणं सुरू केलं तर धडा कितीही चांगला असो, तो उद्धटाचा धडा ठरतो. मंडळीत उभं राहिल्यावर ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो. सगळे ‘आमेन’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘जय ख्रिस्त’च्या जागी हे.

चौथा दिवस, रविवार: शेवटच्या बाकावर

पाहुण्यांना पुढं बसवून संदेश द्यायला लावायची इथली रीत आहे. परतभेटीत नम्रपणे नकार द्यावा आणि आधीच कळवून ठेवावं, ऐनवेळी नाही. मागच्या वेळी शिकलेल्यांपैकी एकानं संदेश दिला. आम्ही मागं बसून कागदावर चारच नोंदी केल्या: शास्त्रभाग पूर्ण वाचला का, मुख्य मुद्दा त्याच भागातून आला का, उदाहरण इथल्या जगण्यातलं होतं का, आणि ऐकणाऱ्याला करण्यासारखं काय सांगितलं. उपासना जवळपास तीन तासांची होती, संदेश पन्नास मिनिटांचा. शास्त्रभाग सहा ओव्यांचा, पण संदेशात आणखी १९ संदर्भ आले. ही त्या माणसाची उणीव नाही. जिथं बायबलशिवाय दुसरं पुस्तक हाताशी नसतं, तिथं एका ओवीचा अर्थ दुसरीनंच लावायची सवय लागते, आणि ती सवय वाईट नाही. अडचण अशी की सहा ओव्या मात्र न उलगडता राहतात.

शेवटी अर्पणाचा लिलाव झाला. ज्यांच्याकडे रोख नसते ते अंडी, शहाळी, कोंबडी, कसावाचे कंद आणतात, आणि उपासनेनंतर बाहेर त्यांचा ‘म्नाडा’ होतो. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)-जालन्याकडच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला होतो तसाच, फरक इतका की इथं वारंवार. त्या पैशाची नोंद कोण करतं, तिकडे आमचं लक्ष होतं. बुधवारी त्याचा उपयोग झाला.

पाचवा दिवस, सोमवार: फिलेमोन, राबाईत

वर्गाला ३४ जण आले. बोलावले होते ३०. पाच-दहा जास्तीचे धरूनच जेवण सांगावं. पाणी २० लिटरच्या कॅनमधून येतं. स्वयंपाक, पिणं आणि हात धुणं मिळून ४० माणसांना दिवसाला दहा कॅन लागतात, आणि ते आदल्या संध्याकाळी भरून ठेवावे लागतात. सकाळी पाण्याची वाट पाहिली तर चूल अकराला पेटते, उगाली दोनला होते आणि दुपारचा तास झोपेत जातो. उगालीला मक्याच्या पिठाची २ किलोची ४-५ पाकिटं एका जेवणाला पुरतात. सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी नाहीतर नारळाच्या दुधात शिजवलेला घेवडा. सकाळी ‘महाम्री’ आणि ‘म्बाझी’, म्हणजे वेलची घातलेल्या गोडसर फुगीर पुऱ्या आणि नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे. मराठी माणसाला हे जेवण परकं वाटत नाही.

आता धडा. पूर्ण दिवस एकच पत्र: फिलेमोन, २५ ओव्या. हे पत्र निवडायचं कारण राबाई हेच.

योहान लुडविग क्राफ हा चर्च मिशनरी सोसायटीचा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोम्बासाला आला. १८४६ मध्ये योहानेस रेबमान येऊन मिळाल्यावर दोघांनी राबाईत ठाणं केलं. त्यांनी इथल्या भाषेची पहिली पुस्तकं तयार केली. अक्षरओळख आणि तिला जोडलेली हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली (ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तरं) १८४८ मध्ये छापली गेली ती मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये. मराठी ख्रिस्ती वाङ्मय जिथं छापलं जात होतं, तिथंच राबाईची अक्षरं जुळवली गेली. पुढे या ठाण्याच्या आश्रयाला मालकांकडून पळालेले गुलाम येऊ लागले. ‘वाटोरो’ म्हणत त्यांना. १८८८ पर्यंत ही संख्या शेकड्यांवर गेली आणि किनाऱ्यावरच्या मालकांनी हल्ल्याची धमकी दिली. तेव्हा तोडगा काढायला मिशनरी सोसायटीनं पाठवलेला माणूस होता विल्यम सॉल्टर प्राइस. हा नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीचा संस्थापक. त्याचीही ही परतभेटच होती, आफ्रिकेची तिसरी खेप. शेवटी मालकांना भरपाई देऊन पळालेल्यांना मुक्तीचे दाखले मिळाले.

अशा गावात, पळालेल्या अनेसिम या गुलामासाठी पौलानं त्याचा मालक फिलेमोन याला लिहिलेलं पत्र वाचायचं, तर इतिहास आधी सांगू नये. क्रम असा ठेवला:

पहिल्या तासात पत्र तीनदा मोठ्यानं वाचलं, तीन वेगळ्या आवाजांत, एक आवाज स्त्रीचा. एका वाचनाला चार मिनिटं. कुणी काही समजावायचं नाही. दुसऱ्या तासात तिघातिघांच्या गटानं पत्रातल्या माणसांची नावं काढली आणि प्रत्येकाचं एकमेकांशी नातं मनिला कागदावर रेघांनी दाखवलं. इथं एक गोष्ट नेहमी चुकते. लोक पौल, फिलेमोन आणि अनेसिम या तिघांवरच थांबतात. दुसरी ओवी पुन्हा वाचायला लावली की अप्फिया, अर्खिप्प आणि घरातली मंडळी सापडते, आणि लक्षात येतं की हे खाजगी पत्र सगळ्यांदेखत वाचलं जाणार होतं. तिसऱ्या तासात फक्त ८ ते २१ या ओव्या. पौल काय मागतो, काय मागत नाही, काय मागायचं टाळून सुचवतो. तीन रकाने. जेवणानंतर पहिल्यांदा विचारलं, ‘राबाईत असं कुणी आलं होतं का?’ मग शिक्षकाला बोलावं लागलं नाही. एका आजोबांनी आपल्या कुळात कुणाची पणजी पळून आली होती ते सांगितलं, आणि वर्ग बराच वेळ शांत होता.

दुपारी दुभाष्यानं स्वतःहून फळ्यावर दोन शब्द लिहिले: ‘म्टुम्वा’ आणि ‘म्टुमे’. पहिला म्हणजे गुलाम, दास. दुसरा म्हणजे प्रेषित. दोन्ही ‘टुमा’, पाठवणं, या एकाच धातूचे. मग त्यानं रोमकरांस पत्राची पहिली ओवी काढायला सांगितली. स्वाहिलीत पौल तिथं एकाच ओळीत स्वतःला आधी ‘म्टुम्वा’ म्हणतो, मग ‘म्टुमे’. मराठीत ‘दास’ आणि ‘प्रेषित’ हे शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. स्वाहिलीत ते भावंडं आहेत. फिलेमोन १६ मधला ‘यापुढे दास म्हणून नव्हे’ हा शब्द त्या फळ्याखाली पुन्हा वाचला गेला तेव्हा त्याचं वजन वेगळं होतं. ही गोष्ट बाहेरून येणारा शिक्षक कधीही शिकवू शकला नसता.

दुभाष्याबद्दल. ४५ मिनिटांच्या तासात दुभाष्यासह २० मिनिटांचाच मजकूर बसतो. त्याहून जास्त आणला की शेवटचा आणि बहुधा सगळ्यात महत्त्वाचा भाग घाईत जातो. ओव्यांची यादी आणि दहा-बारा मुख्य शब्द आदल्या रात्री त्याच्यासोबत पक्के करावेत. ‘कनिसा’ हा शब्द इमारतीलाही चालतो आणि माणसांच्या मंडळीलाही. दर वेळी कुठला अर्थ ते आधी ठरलेलं बरं. ‘तुबू’ (पश्चात्ताप करणं) ऐकून आपल्याला ‘तोबा’ आठवते, ‘नेमा’ (कृपा) ऐकून ‘नेमत’, ‘किताबू’ तर किताबच. मूळ अरबी शब्द आहेत हे. ओळखीचे वाटतात म्हणून अर्थ तोच असेल असं मात्र गृहीत धरू नये.

सहावा दिवस, मंगळवार: प्रश्न विचारायला शिकणं

या दिवसाचा विषय आम्ही ठरवला नव्हता. शनिवारच्या चिठ्ठ्यांपैकी सात चिठ्ठ्यांत एकच शब्द होता: शकाहोला.

याच किलिफी काउंटीत, मालिंदीच्या आतल्या बाजूला शकाहोलाचं जंगल आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथं उथळ थडगी सापडायला लागली. उपास करून मेलात तर प्रभूला भेटाल, असं एका उपदेशकानं शिकवलं होतं. ४००हून अधिक देह बाहेर काढले गेले, त्यांत लेकरं होती. राबाई-कालोलेनीच्या मंडळ्यांना हे दूरचं वाटत नाही. चिठ्ठीतला प्रश्न सरळ होता: ते लोकही बायबलच वाचत होते, मग आम्ही त्यांच्याहून वेगळे कसे?

या प्रश्नाला व्याख्यानानं उत्तर देणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं, एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. म्हणून कृती दिली. प्रत्येक गटाला उपासाबद्दलची एक सुटी ओवी कागदाच्या पट्टीवर, संदर्भाशिवाय. तिच्यावरून दोन मिनिटांत आज्ञा तयार करायची: ‘म्हणून आपण…’ सगळ्या गटांनी केली, आणि काही आज्ञा खरोखर भीतीदायक होत्या. मग तीच ओवी बायबलमध्ये शोधून वरचा आणि खालचा अख्खा परिच्छेद वाचायचा व तीन प्रश्न विचारायचे: कोण बोलतोय, कुणाला, कशामुळं? आज्ञा टिकते का ते पुन्हा बघायचं. मत्तय ४ मध्ये ‘मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही’ ही ओळ सैतानाच्या मोहाला दिलेलं उत्तर आहे. ती अन्न सोडायची आज्ञा नाही, हे गटानं स्वतः शोधलं. यशया ५८ ला सगळे थांबले: देवाला हवा असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं.

खरी अडचण पुढची आहे. इथं वडीलधाऱ्याला, विशेषतः पाळकाला, सगळ्यांदेखत प्रश्न विचारणं हा अपमान समजतात. आपल्याकडेही फार वेगळं नाही. ‘प्रश्न विचारा’ असं सांगून काही होत नाही, त्यासाठी जागा करून द्यावी लागते. तीन उपाय ठरले. संदेशानंतर दहा मिनिटं गटागटानं चर्चा आणि गटाच्या नावानं एक प्रश्न, कुणा एकाच्या नावानं नाही. उत्तर देणाऱ्यानं आधी ओवी वाचायची, मग बोलायचं. आणि ज्याला उत्तर येत नसेल त्यानं ‘पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात पडताळून बघत, आणि त्यासाठी त्यांना थोर मनाचं म्हटलंय. ही ओवी वर्गानं कोरसमध्ये पाठ केली.

स्त्रिया मिश्र गटात गप्प राहतात. दुपारनंतर त्यांचे वेगळे गट केले, आणि दिवसातला सर्वांत नेमका प्रश्न तिथून आला: उपदेशक म्हणतो तसं वागायला नवरा सांगतो, तेव्हा बाईनं कुणाकडे जायचं? शकाहोलात गेलेल्या कित्येक आया लेकरं घेऊन गेल्या होत्या. ठरलं ते असं: प्रत्येक मंडळीत मदर्स युनियनच्या दोन बायांचे फोन नंबर दारावर लावायचे, आणि जिवाला धोका असेल तर पाळकाची वाट न बघता पोलिसांना कळवायचं. हे पाळकांसमोर ठरवणं आवश्यक होतं, त्यांच्यामागं नाही.

सातवा दिवस, बुधवार: पैशाची वही

जिथं मंडळी मोडते तिथं बहुतेक वेळा कारण सिद्धांताचं नसतं, हिशोबाचं असतं. नेहमी बिघडतं ते असं: अर्पण खजिनदाराच्या स्वतःच्या एम-पेसा नंबरवर येतं. त्याच नंबरावर त्याच्या घरचे पैसे. तीन महिन्यांनी त्यालाही सांगता येत नाही कुठले कुणाचे. फोन हरवला की संशय सुरू होतो. माणूस बहुधा प्रामाणिक असतो, तरी त्याचं नाव जातं, आणि म्हणूनच ही व्यवस्था त्याच्यावर अन्याय करते.

पूर्ण उपाय म्हणजे मंडळीच्या नावाचा पे-बिल किंवा टिल नंबर (संस्थेसाठीचा एम-पेसा नंबर), पण त्याला नोंदणीची कागदपत्रं लागतात. ते होईपर्यंत मंडळीसाठी वेगळं सिम, वेगळा साधा फोन, पिन एकाकडे आणि फोन दुसऱ्याकडे. रोकड दोघांनी मिळून त्याच ठिकाणी मोजायची, घरी नेऊन नाही. वहीत सहा रकाने: तारीख, कुठून आलं, रोख, मोबाइल, खर्च, शिल्लक. खाली दोन सह्या. लिलावात विकल्या गेलेल्या कोंबडीची किंमत ‘कुठून आलं’मध्ये वेगळी लिहायची. रविवारी पाहिलेल्या मंडळीत ती थेट पाहुण्यांच्या जेवणाला गेली होती, नोंदीशिवाय. महिन्यातून एकदा मोबाइलचं स्टेटमेंट वहीशी ताडायचं. सरावाला २६ नोंदींचा कल्पित महिना दिला, त्यात मुद्दाम तीन चुका. दोन सगळ्यांना सापडल्या, तिसरी (तीच पावती दोनदा) चारच गटांना.

याच दिवशी भत्त्याचा प्रश्न निघाला. अनेक संस्थांच्या प्रशिक्षणात बसण्याचे पैसे मिळतात, म्हणून इथंही अपेक्षा असते. आम्ही मटाटू (मिनीबस) किंवा बोडाबोडाचं (भाड्याच्या मोटारसायकलचं) खरं भाडं आणि जेवण एवढंच दिलं, आणि ते निमंत्रणातच लिहिलं होतं. यात कंजुषी नाही. बाहेरच्यानं एकदा भत्ता दिला की पुढच्या महिन्यात तिथलाच पाळक बिनभत्त्याचा वर्ग घेऊ शकत नाही. आपण त्याचं काम कायमचं अवघड करून ठेवतो.

आठवा दिवस, गुरुवार: त्यांनी शिकवलं

आमच्यापैकी कुणीही फळ्याकडे गेलं नाही. मागच्या वेळच्या सहा जणांनी प्रत्येकी ३० मिनिटांचा धडा घेतला, नव्यांनी ऐकला आणि रविवारच्याच चार नोंदींवर मत दिलं. मत देण्याचा नियम: आधी एक टिकलेली गोष्ट, मग एकच बदल. एकाहून जास्त बदल सांगितले की शिकणारा एकही करत नाही.

एक धडा ‘उचावी’वर होता, म्हणजे चेटूक. किलिफीत म्हाताऱ्या माणसांवर चेटकाचा आळ घेऊन त्यांना मारल्याच्या घटना वर्षानुवर्षं घडताहेत. पांढरे केस पुरावा ठरतात आणि बऱ्याचदा मागे जमिनीची वाटणी असते. शिकवणाऱ्या बाईंनी लेवीय १९:३२ घेतलं, पिकल्या केसांसमोर उठून उभं राहा. मग विचारलं, आळ आलेल्या म्हाताऱ्याच्या घरी मंडळीतलं कोण जाऊन राहील, कोणत्या रात्री? नावं फळ्यावर लिहूनच धडा संपवला. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. कायद्यानं पोलीस येतो, रात्रभर सोबतीला शेजारीच लागतो, असं त्या म्हणाल्या.

प्रमाणपत्रं या दिवशी दिली नाहीत. इथं प्रमाणपत्राला फार मान आहे, भिंतीवर चौकटीत लागतं. म्हणून अट ठेवली: आपल्या मंडळीत तीन धडे घेतल्यावर स्थानिक पाळकांच्या सहीनं मिळेल. नावांची अक्षरं मात्र प्रत्येकाकडून स्वतःच्या हातानं लिहून घेतली. चुकीच्या अक्षरांचं प्रमाणपत्र कुणी भिंतीवर लावत नाही.

नववा दिवस, शुक्रवार: फ्रिअर टाउन

मोम्बासा बेटाच्या उत्तरेला न्यालीकडे जाताना केंगेलेनी लागतं. ‘केंगेले’ म्हणजे घंटा, आणि ती घंटा अजून तिथं आहे. १८७४-७५ मध्ये वसलेल्या या वस्तीला नाव मिळालं मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं. गुलामांची जहाजं दिसली की घंटा वाजे. वस्ती उभारायला प्राइस आले आणि तिला हातभार लागला तो नाशिकमध्ये शिकलेल्या आफ्रिकी माणसांचा. समुद्रात पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेली ही मुलं शरणपूरला वाढली होती. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत त्यांना. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन, त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला त्याचा हात लागला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाआधीच्या पायरीची, दीक्षा मिळाली. जोन्स राबाईचा पाळक.

म्हणजे राबाईत सुरुवातीच्या काळात शिकवणारे, मंडळी सांभाळणारे लोक फक्त युरोपी नव्हते, त्यांत आफ्रिकीही होते, नाशिकमार्गे आलेले. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना हे माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं. वर्गातल्या चौघांना सोबत आणलं होतं. तेही घंटेपाशी पहिल्यांदाच येत होते.

दहावा दिवस, शनिवार: परत

मोम्बासाहून नैरोबीला एक्स्प्रेस, रात्रीचं विमान. निघण्याआधी तीन कामं उरली होती. दुभाष्यानं फळ्यावर मांडलेल्या शब्दांची यादी वहीत उतरवून घेणं. उरलेल्या मनिला कागदाचे आणि पेनांचे गठ्ठे चार मंडळ्यांत वाटणं. आणि हजेरीवही. ती परत आणली नाही. राबाईच्या ज्येष्ठ ले रीडरकडे दिली. पुढचा वर्ग नोव्हेंबरमध्ये कालोलेनीत, छोटा पाऊस असल्यानं एकेका दिवसाचे तीन शनिवार. वेळ वहीत स्वाहिलीत लिहिली आहे, ‘सा ताटू’, आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात तिन्ही वेळा तिथल्याच लोकांची नावं आहेत. त्यांतलं एक नाव उचावीवर बोललेल्या त्या बाईंचं.

पिवळा दाखला हातातल्या पिशवीत वरच ठेवावा. मुंबईत रांगेत तो शोधत बसावं लागत नाही.